आईबाबांच्या स्मरणार्थ गावच्या देवळात पवित्र कुटुंब: कशाचं, कुणाकडून, कुठे

ताई, तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही सुटलं असेल तर तुम्हाला कळेल. यवतमाळ जिल्ह्यात तुमच्या गावी कवेलूचं (कौलारू छपराचं) जुनं, लहान कॅथलिक चर्च आहे. बाबा तिथे कॅटेकिस्ट होते. पोरांना प्रार्थना शिकवणं, फादर येऊ शकत नसतील त्या रविवारी वाचन आणि प्रार्थना चालवणं हे त्यांच्याकडे. आई शनिवारी देऊळ झाडायची आणि रविवारी गाणं उचलायची. दोघांच्या स्मरणार्थ तुम्हा तिघा भावंडांना दीड लाखात पवित्र कुटुंबाची, म्हणजे योसेफ, मरिया आणि बाळ येशू यांची मूर्ती किंवा चित्र द्यायचं आहे. धाकटा भाऊ म्हणतो तयार फायबरची मूर्ती आणू. तुम्हाला हाताने घडवलेलं हवं आहे. आणि मोठ्या भाऊंची इच्छा आहे की संत योसेफाचा चेहरा बाबांसारखा असावा.

विदर्भातल्या चर्चसाठी लाकडात कोरीवकाम करणं आणि इतर कारागिरांकडून अशी कामं करवून घेणं हाच माझा धंदा आहे. त्या अनुभवातून सांगतो.

सुरुवात वस्तूपासून करू नका. मूर्ती की चित्र हा प्रश्न बराच नंतरचा आहे. गावातली माणसं त्या जागी येऊन काय करणार, हे आधी ठरवा. घरात भांडण झालेली बाई तिथे मेणबत्ती लावायला थांबेल का? नवं जोडपं लग्नानंतर तिथे गुडघे टेकेल का? प्रथम कम्युनियनच्या (पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या) तयारीला पोरं त्या भिंतीपाशी बसतात का? माणसं जिथे थांबतात तिथे आईबाबांची आठवणही थांबते. ज्या वस्तूपुढे कुणी उभंच राहत नाही, तिच्यावर नाव कितीही मोठं कोरलं तरी काही वर्षांत ती नजरेआड होते, भिंतीवर असूनही.

आता परवानगी. फादरांशी बोलणं झालंय असं तुम्ही लिहिता, ते चांगलं आहे, पण पुरेसं नाही. फादरांची बदली होते आणि तोंडी होकार त्यांच्याबरोबर जातो. साध्या कागदावर अर्ज करा: काय द्यायचं, अंदाजे माप, जागा, साहित्य, सोबत एक रेखाटन. तो पॅरिश कौन्सिलपुढे, म्हणजे चर्चच्या स्थानिक समितीपुढे, ठेवायला सांगा आणि फादरांमार्फत अमरावतीला बिशप हाऊसकडे जाऊ द्या. यवतमाळ अमरावती धर्मप्रांतात, म्हणजे तिथल्या बिशपांच्या कक्षेत, येतं. तुमचे नातेवाईक चंद्रपूर, गडचिरोली किंवा वर्ध्याकडे असतील आणि त्यांनाही असंच काही करायचं असेल, तर तिथे बहुतेक ठिकाणी चांदा धर्मप्रांताची सिरो-मलबार (केरळातून आलेल्या, वेगळ्या उपासनारीतीच्या कॅथलिक शाखेची) चर्चेस आहेत. तिथली वेदी, पडदा, क्रूस यांची रीत निराळी आहे, म्हणून आमच्याकडचा नमुना उचलून तिकडे नेता येत नाही.

ही परवानगी उगाच नाही. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) उपासनेविषयीचा जो दस्तऐवज काढला, त्यात चर्चमधली चित्रं-मूर्ती संख्येने माफक आणि योग्य क्रमाने असावीत असं स्पष्ट म्हटलंय. १९८३ च्या कॅनन कायद्यातही, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्यातही (कलम ११८८) तेच आहे. मिसाच्या, म्हणजे मुख्य उपासनाविधीच्या, ग्रंथाच्या प्रास्ताविकात तर एकाच संताची एकाहून अधिक प्रतिमा सहसा ठेवू नये अशी सूचना आहे. म्हणून आत्ताच बघून या: देवळात योसेफाची जुनी मूर्ती कुठे आहे का? मागच्या खोलीत, कपाटावर, फडक्यात गुंडाळलेली? असेल तर तिची डागडुजी हीच कदाचित सर्वांत चांगली देणगी ठरेल. मात्र जुन्या मूर्तीला गावच्या पेंटरकडून ऑइलपेंट मारून घेऊ नका. मोलाच्या जुन्या प्रतिमेला हात लावायला बिशपांची लेखी परवानगी लागते (कलम ११८९), आणि ती शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होऊ शकतो.

पैसे चर्चच्या खात्यात देणार असाल तर पावतीवर हेतू लिहून घ्या: "पवित्र कुटुंबाच्या लाकडी शिल्पासाठी". ठरावीक हेतूने दिलेलं दान त्याच हेतूला वापरलं पाहिजे, असा चर्चचाच नियम आहे (कलम १२६७). उद्या छपराचा खर्च निघाला तरी त्या पैशाला कुणी हात लावणार नाही. आणि वस्तूच्या रूपात दिलेल्या दानावर आयकरात सवलत मिळत नाही. तो हिशेब मनात असेल तर आधीच काढून टाका.

जागेवर मी जास्त वेळ घालवतो. तुमचं चर्च काळ्या मातीवर असणार. यवतमाळकडची ती कपाशीची जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगा पडतात. जुन्या इमारतींचा पाया खालच्या मुरमापर्यंत गेलेला नसेल तर दरवर्षी भिंत थोडी हलते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघणारी चीर दिसली तर समजा की ती भिंत जिवंत आहे. तिच्यावर थेट रंगवलेलं चित्र तिच्याबरोबर फाटणार. तिच्याशेजारी ठेवलेली जड मूर्ती कलणार. ज्या भिंतीवर पावसाळ्यानंतर पांढरी पूड उठते तिच्यावरही काही लावू नका, तो मातीतून चढलेला क्षार आहे. पश्चिमेच्या भिंतीला मेमध्ये दुपारी चारला आतून हात लावून बघा. बाहेर पंचेचाळीस अंश असताना ती भिंत रात्रीपर्यंत तापलेली राहते.

वेदीच्या मागची मधली भिंत मागू नका. ती क्रूसाची जागा आहे, आणि पवित्र साक्रामेंतची (पवित्र भाकर ठेवायची) पेटी तिथे असेल तर नजर तिकडेच जायला हवी. पवित्र कुटुंबाला बाजूची भिंत शोभते, शक्यतो जिथे चार माणसं मिसाच्या आधी-नंतर निवांत बसू शकतील अशी.

आणि उंची. शहरातले कारागीर बाकांवर बसणाऱ्यांचा विचार करून मापं देतात. आपल्या खेड्यांतल्या चर्चमध्ये लोक सतरंजीवर बसतात. खाली बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून अडीच-पावणेतीन फुटांवर असते. तिथून सात फुटांवर टांगलेल्या चेहऱ्याची फक्त हनुवटी दिसते. शिल्पाची खालची कड साडेतीन फुटांच्या आसपास ठेवा आणि वरची बाजू भिंतीपासून थोडी पुढे झुकलेली ठेवा. चेहरे बसलेल्यांकडे बघतील.

आता मोठ्या भाऊंची इच्छा. जवळजवळ प्रत्येक घरातून ही मागणी येते आणि ती प्रेमातून येते, हे मला ठाऊक आहे. तरी मी नाही म्हणतो. तुमच्या गावात बाबांना सगळेच ओळखायचे. योसेफाला त्यांचा चेहरा दिला तर लोक त्या जागी येतील आणि म्हणतील, "अरे, हे तर आपले मास्तर." प्रार्थना तिथेच अडेल. ज्यांचं बाबांशी कधी वाजलं असेल त्यांना तिथे उभं राहणं जड जाईल. आणि पुढच्या वर्षी दुसरं घर त्यांच्या आजीचा चेहरा मरियेला द्या म्हणेल, तेव्हा फादरांना नाही म्हणायला जागा उरणार नाही. युरोपात पंधराव्या शतकात देणगीदार स्वतःला चित्रात घालून घेत, पण बहुधा कडेला, गुडघ्यांवर, हात जोडून. संताची जागा ते सहसा घेत नसत. घरी आपण हार घातलेला फोटो लावतोच. त्याची जागा घरी आहे.

पण भाऊंना रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही. चेहऱ्याऐवजी बाबांचं काम घ्या. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात (६:७) बापाला आज्ञा आहे की ही वचनं आपल्या मुलांच्या मनावर बिंबव, घरी बसताना, वाटेने चालताना त्यांविषयी बोल. नासरेथच्या घरात ते काम योसेफाचं होतं. मग आपल्या शिल्पात योसेफ रंधा बाजूला ठेवून बसलाय, मांडीशी टेकलेल्या सातआठ वर्षांच्या येशूला शास्त्राची गुंडाळी उघडून दाखवतोय, बोट एका ओळीवर आहे. योसेफ सुतार म्हणून सगळीकडे दिसतो. शिकवणारा योसेफ फार थोड्या ठिकाणी दिसतो, आणि तो तुमच्या बाबांच्या आयुष्याशी सरळ जुळतो. बाबांच्या हातांचा एखादा स्पष्ट फोटो असेल तर जपून ठेवा. हात कारागिराला देता येतात. बोटांची ठेवण, पुस्तक धरायची पद्धत गावात कुणी ओळखणार नाही, तुम्ही तिघं ओळखाल.

आईचंही तसंच. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात (१५:८) एक बाई दिवा लावून घर झाडते, हरवलेलं नाणं शोधते. ही गोष्ट सांगणाऱ्या येशूने आपल्या आईला घर झाडताना पाहिलं असणार, असं मला नेहमी वाटतं. मरिया उंबऱ्याशी उभी, हातात झाडू, क्षणभर थांबून त्या दोघांचं वाचन ऐकतेय. तुमची आई जे काम दर शनिवारी करायची ते देवाच्या आईच्या हातात दिसेल. यासाठी फादरांची समजूत घालावी लागली तर माझं नाव सांगा, मी बोलतो.

पेहरावाचा मुद्दा यातूनच निघतो. निळा झगा आणि गोरा चेहरा हा साच्यातून आलेल्या युरोपी मूर्तींचा वारसा आहे, तो काही धर्माचा नियम नाही. वर सांगितलेल्या १९६३ च्या दस्तऐवजातच म्हटलंय की चर्चने कुठलीही एक कलाशैली आपली म्हणून धरलेली नाही, सर्व लोकांच्या आणि प्रदेशांच्या कलेला तिथे जागा आहे. त्याच्या कितीतरी आधी आंजेलो दा फोन्सेका या गोव्यात जन्मलेल्या चित्रकाराने पुण्यात, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून, मरियेला साडीत रंगवलं. शांतिनिकेतनात शिकून आलेला हा माणूस १९६७ साली गेला. त्या काळात त्याच्यावर टीकाही बरीच झाली. त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यात पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहे. जमलं तर तिघांनी मिळून जाऊन बघा, छापील प्रतीत त्या रंगांचा हळुवारपणा उतरत नाही. पण त्याचं चित्र मोबाइलवर दाखवून "असंच करून द्या" म्हणू नका. आपल्या कायद्यात कलावंताच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइटचा हक्क टिकतो, म्हणजे त्याच्या कामांवरचा हक्क २०२७ अखेरपर्यंत आहे. आणि तुमच्या आईबाबांसाठी नक्कल कशाला?

तरी गावावर काही लादायचं नाही. म्हातारी माणसं आयुष्यभर निळ्या झग्याच्या मरियेपुढे माळ म्हणत आली आहेत, त्यांचा जिव्हाळा खरा आहे. मी असं करतो: पूर्ण मापाचं रेखाटन खाकी कागदावर काढून ते नेमक्या जागी, नेमक्या उंचीवर टांगतो आणि सलग काही रविवार राहू देतो. कुणाला विचारायला जात नाही, नुसता मागे बसून ऐकतो. लुगडं नेसलेल्या मरियेबद्दल बायका काय बोलतात, पोरं कशाकडे बोट दाखवतात, यातून जे कळतं ते कौन्सिलच्या बैठकीत कळत नाही. बहुतेक वेळा नऊवारीला हरकत येत नाही, निळा रंग गेला याची येते. तेव्हा पदराला निळी किनार ठेवली की दोन्ही बाजू सुखावतात. एक विनंती मात्र आहे. चौकटीत वारली चित्रं घालू नका. वारली पालघर-डहाणूकडची. तुमच्याकडे कपाशीचं बोंड आहे, पळस आहे. तुमच्या आईने कापूस वेचला असेल. बोंडांची वेल चौकटीवर कोरली तर तिथल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

आता साहित्य. धाकट्या भावाचा फायबरचा सल्ला अगदी टाकाऊ नाही. फायबर हलकं असतं, पडलं तर सहजी फुटत नाही, सावलीत बरं टिकतं. पण उन्हात राळ पिवळी पडते, तापलेल्या भिंतीपाशी रंगाचे पोपडे निघतात, आणि साचा एकच असल्याने तीच मूर्ती तुम्हाला नागपूरपासून नाशिकपर्यंत दिसेल. शिकवणारा योसेफ त्या साच्यात नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस तर कवेलूच्या छपराखाली नकोच. एक कवेलू सरकला, दोन पावसाळे थेंब पडला की बोटं गळून जातात. संगमरवर सुंदर असतो, पण त्याचं वजन घनमीटरला सुमारे २,७०० किलो. चार फुटी मूर्ती दोनशे किलोच्या पुढे जाते, तिला मुरमापर्यंत नेलेला स्वतंत्र पाया हवा, आणि तुमचं बजेट तिथेच संपतं. कॅनव्हासवरच्या तैलचित्राला काच लावली तर दारातला उजेड चमकतो, न लावली तर धूळ, मेणबत्तीची काजळी आणि वटवाघळं आहेतच. फ्लेक्स किंवा फोटोप्रिंटबद्दल एवढंच सांगतो: त्याचे रंग उजेडाने उडतात, आणि आईबाबांच्या नावाखाली फिकं पडलेलं चित्र बघणं तुम्हालाच सोसणार नाही.

भाजलेल्या मातीची फरशी हा कमी पैशातला उत्तम पर्याय आहे. झिलईत भाजलेला रंग उडत नाही, ओल्या फडक्याने पुसता येतो. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीचा ग्रामोदय संघ मातीकामासाठी जुना आणि नावाजलेला आहे, तिथे चौकशी करण्यासारखी आहे. पण फरशा थेट भिंतीत बसवू नका, लाकडी किंवा धातूच्या फळीवर बसवा, म्हणजे काढता येतील.

तुमच्यासाठी माझं मत सागवानाच्या उठाव शिल्पाला, म्हणजे फळीतूनच आकृत्या वर उठून दिसतील अशा कोरीवकामाला, आहे. साधारण चार फूट रुंद, तीन फूट उंच, फळी दोन इंची, उठाव इंच-सव्वा इंच. साग आपला आहे. आलापल्ली-बल्लारशाचा साग देशभर जातो. ऋतूप्रमाणे तो इतर लाकडांपेक्षा कमी फुगतो-आक्रसतो आणि गाभ्याच्या लाकडाला वाळवी सहजी लागत नाही. "गाभ्याच्या" यावर जोर द्या. सालीकडचं पांढरट लाकूड स्वस्तात खपवतात आणि लाकूड पोखरणारा पोरकिडा नेमका त्यालाच लागतो. ओला साग घेऊन उन्हाळ्याआधी कोरला तर मेमध्ये सांधे उघडणारच, म्हणून निदान वर्षभर सावलीत वाळलेलं लाकूड हवं. याहून चांगलं जुनं लाकूड. गावातलं घर कधी पाडायला निघालं असेल, तर त्यातल्या तुळया आणि दाराच्या फळ्या टिंबरवाल्याला देण्याआधी सुताराला दाखवा. पन्नास-साठ वर्षं वाळलेला साग पैसे देऊनही मिळत नाही, आणि आईबाबा ज्या छपराखाली राहिले त्याच लाकडात हे शिल्प झालं तर त्याहून वेगळी आठवण कोरायची गरज नाही. फक्त खिळे चुंबकाने शोधून काढावे लागतात, नाहीतर पटाशीची धार जाते.

फळ्या जोडून पट तयार करताना मागच्या आडव्या पट्ट्या डिंकाने पक्क्या चिकटवू द्यायच्या नाहीत. स्क्रूची भोकं लांबट ठेवली की लाकडाला हलायला वाव राहतो. वर चकचकीत पॉलिश नको. ते आरशासारखं चमकतं, चेहरे दिसेनासे होतात आणि एकदा तडकलं की सगळं खरवडावं लागतं. उकळलेल्या जवसाच्या तेलाचे अगदी पातळ हात, प्रत्येक हात पुरता सुकल्यावर पुढचा, आणि शेवटी मधमाशीचं मेण. हे गावातला कुणीही दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा करू शकतो.

कारागीर शोधताना ख्रिस्तीच हवा असा आग्रह धरू नका. नागपुरात महालातल्या चितार ओळीत मातीतून देह उभा करणारे पिढीजात हात आहेत, मातीचा नमुना त्यांच्याइतका जिवंत क्वचितच कुणी करेल. नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातून बाहेर पडलेली शिल्पकार मंडळी आहेत. कोरीवकाम करणारे सुतार जिल्ह्याच्या ठिकाणी सापडतात, मंदिरांचे दरवाजे केलेला माणूस बघा. माझी एकच अट असते. काम घेणाऱ्याने एखाद्या रविवारी त्या देवळात येऊन मागे बसावं. लोक कसे बसतात, गाणी कशी म्हणतात, कुठे हात जोडतात, हे पाहिलेल्या माणसाचं काम निराळं होतं.

करार मराठीत, एका पानावर, पण लेखीच. माप, लाकूड, उठावाची खोली, मुदत, वाहतूक कुणाची, बसवणं कुणाचं. रेखाटनाचे पैसे वेगळे द्या, म्हणजे ते नापसंत झालं तरी दोघांनाही मोकळेपणाने वेगळं होता येतं. बाकी रक्कम तीन टप्प्यांत: मातीचा नमुना मान्य झाल्यावर, कोरीवकाम अर्धं झाल्यावर, भिंतीवर लागल्यावर. दीड लाखातले तीसेक हजार वाहतूक, बसवणं, दिवा आणि पाटी यांना बाजूला ठेवा. कॉपीराइटच्या हक्काचंही एक वाक्य घाला. पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्क आपल्या कायद्यात सहसा काढून घेणाऱ्याकडे जातो, पण त्या कलमात शिल्पाचं नाव नाही. पुढे पॅरिशला त्याचं चित्र पत्रिकेवर छापायचं झालं तर लिहिलेलं बरं. कारागिराचं नाव मात्र शिल्पावर खालच्या कोपऱ्यात राहू द्या, तो त्याचा मान आहे.

नावाची पाटी पितळेची, पोस्टकार्डाहून लहान, चौकटीच्या खालच्या कडेला. बाबांचं नाव, आईचं नाव, जन्म आणि मृत्यूची वर्षं, आणि "यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करा". तुम्हा भावंडांची नावं नकोत, "सौजन्य" तर नकोच. वाचणाऱ्याकडून दोन क्षणांची प्रार्थना मागणारी पाटी कॅथलिक परंपरेला धरून आहे आणि ती आईबाबांच्या कामाची आहे. वचन घालायचं असेल तर देवळात जे शास्त्र वाचलं जातं त्याच आवृत्तीतून शब्दशः उतरवा. अक्षरं कोरण्याआधी छापील नमुना मागवून तिघांनी वेगवेगळा वाचा. राज्याबाहेरून पाटी करून घेतली तर "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" मधला ळ हमखास ल होऊन येतो, आणि पितळेवर खोडता येत नाही.

तुमच्या नात्यात काही घरं प्रॉटेस्टंट मंडळ्यांत असतील, तर त्यांना यातलं निम्मंच लागू पडेल. तिथे मूर्ती नसते. साधा क्रूस, प्रभुभोजनाचा मेज, व्यासपीठ, घंटा, भिंतीवरचं वचन, स्मृतिफलक यांतून निवडायचं असतं. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच स्थापन झालं, सहा वेगवेगळ्या परंपरा एकत्र येऊन. त्यामुळे शेजारच्या दोन गावांतल्या मंडळ्यांची रीतही सारखी नसते. आधी पाळकसाहेब आणि पास्टरेट कमिटी (मंडळीची स्थानिक समिती), मग डायोसिसन ट्रस्ट (धर्मप्रांताचा मालमत्ता-न्यास), कारण इमारत सहसा त्यांच्या नावावर असते. तिथे रंगीत काचेची खिडकी द्यायचं कुणाच्या मनात असेल तर शिशाच्या पट्ट्यांत बसवलेली, भट्टीत रंग भाजलेली खरी काच घ्या, चिकटवलेली फिल्म नको. मोठ्या पटाला मागून आडव्या सळ्या हव्यात. पश्चिमेची खिडकी टाळा, उन्हाने शिसं मऊ पडून पट फुगतो. बाहेरून संरक्षक काच लावली तर तिला वर-खाली हवेची फट ठेवा, नाहीतर दोन काचांमध्ये भट्टीच तयार होते.

वेळेचं असं धरा. उन्हाळ्याआधी परवानगी आणि रेखाटन, पावसाळ्यात कारागिराच्या कारखान्यात कोरीवकाम, दिवाळीपर्यंत तेल-मेण. पावसाळ्यात लाकूड गावी नेऊ नका. आशीर्वादासाठी २ नोव्हेंबरचा मृतांचा स्मरणदिन सगळ्यांच्या मनात येतो, पण मी पवित्र कुटुंबाचा सण सुचवेन. तो सहसा नाताळनंतरच्या रविवारी येतो. पुण्या-मुंबईला गेलेली पोरं तेव्हा गावात असतात, आणि बाबांनी शिकवलेले कितीतरी जण तिथे हजर राहू शकतील.

बसवताना शिल्प भिंतीत सिमेंटने गाडू द्यायचं नाही. गावोगावची कवेलूची देवळं पाडून स्लॅबची बांधली जात आहेत, तुमचंही कधीतरी बांधलं जाईल. तिरकी कड असलेल्या दोन मजबूत पट्ट्या, एक भिंतीला बोल्टने, एक शिल्पाच्या मागे, एकमेकींत अडकणाऱ्या. दोन माणसं उचलून सुखरूप बाजूला ठेवू शकतील. भिंत आणि लाकूड यांत इंचभर हवा राहू द्या आणि मागच्या बाजूला वाळवीचं औषध मारून घ्या. त्या फटीत गांधीलमाश्या मातीची घरं करतात, म्हणून कडेने बारीक जाळी. एकच पिवळसर एलईडी दिवा, वरून तिरका, समोरून नको. मेणबत्तीचा स्टँड निदान तीन फूट पुढे.

पुसायचं कोरड्या मऊ ब्रशने, ओलं फडकं कधीच नाही. ही सूचना, करार, परवानगीचं पत्र, कारागिराचा पत्ता आणि शिल्पाचे फोटो एका फाइलमध्ये घालून पॅरिशच्या कपाटात ठेवा, एक प्रत तुमच्याकडे. देवळाच्या मालमत्तेच्या नोंदवहीत शिल्पाची नोंद करून घ्यायला फादरांना आठवण करा.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा बाजूच्या दोन्ही भिंतींचे फोटो पाठवा, एक सकाळचा आणि एक दुपारी चारचा. सोबत भिंतीची लांबी, खिडकीपासूनचं अंतर, चीर कुठे दिसते ते, आणि रविवारी लोक नेमके कुठपर्यंत बसतात ते. तेवढं हातात आलं की मी माप नक्की करून देतो आणि कुठल्या कारागिराकडे जायचं ते सांगतो.